गच्चीवरचं गरम पाणी

हीट पंप गच्चीवर चढवायला जाड दोर लागला, सुरतेहून आलेली माणसं लागली आणि गिरधर पाटलांचा आवाज लागला. पाटील रस्त्यात उभे राहून वर बघत ओरडत होते, "आस्ते रे! भीतले घासू नका! नळ सांभाळा!" ममता गेल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज गल्लीने ऐकला नव्हता. समोरच्या ओट्यावरच्या मंडळींना वाटलं, चला, आप्पा सावरले. आप्पा कसले सावरतात! ओरडायला निमित्त मिळालं होतं, एवढंच. लेक गेली तेव्हा जे ओरडता आलं नव्हतं ते सगळं आता त्या टाकीवर चाललं होतं.

टाकी वर गेली, तिच्यामागून पंख्याचं मोठं खोकं गेलं. गिरधर जिने चढून गच्चीवर पोचले तेव्हा फिटर नळांची मापं घेत होता आणि वाळत घातलेल्या मिरच्या कोणीतरी घाईने एका कोपऱ्यात ढकलल्या होत्या. यंत्र कसं चालतं ते हेमकांतने, त्यांच्या मुलाने, त्यांना दोनतीनदा सांगितलं होतं. हेमकांत तळोद्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. समोरच्याला समजावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतं. जाळ नाही, धूर नाही, वास नाही. वर एकच टाकी, आणि तिथून इमारतीच्या सगळ्या मजल्यांना गरम पाणी.

वास तर गॅसच्या त्या विषालाही नव्हता, असं गिरधरांच्या मनात आलं आणि ते उगाच मिरच्या सारख्या करत बसले.

ममता पहिल्या बाळंतपणाला अक्कलकुव्याहून माहेरी आली होती. मुलगी झाली. दिवाळी सरून थंडी पडायला लागली होती. बाळंतिणीला वारा लागू द्यायचा नाही, हे तापीकाठच्या घरांत कोणी कोणाला शिकवत नाही, ते अंगातच असतं. वारा लागला की अंग सुजतं, दूध आटतं, कंबर जन्माची धरते. कौसाबाईंनी, गिरधरांच्या बायकोने, आयुष्यभर गल्लीतल्या बाळंतिणींना न्हाऊ घातलं होतं. त्यांच्या हातची बाळंतीण पुढे कधी कंबर धरून बसली नाही, असा त्यांचा लौकिक. त्यांनी लेकीच्या न्हाणीघराचा झरोका जुन्या गोधडीच्या तुकड्याने घट्ट बुजवला, दाराच्या फटीला पोतं लावलं, आणि गॅसचा गिझर चालू करून कढत पाण्याने लेकीचं अंग शेकलं. मध्येच त्यांचं स्वतःचं डोकं गरगरलं. उपाशीपोटी होतं असं, म्हणून त्या बाहेर आल्या. बाळही रडत होतं. "तू बस, कंबरवर पानी घेत ऱ्हाय," असं लेकीला सांगून त्यांनी दार ओढून घेतलं. बाळाला तेल लावलं, शेक दिला, ओव्याची धुरी दिली. आत पाणी पडतच होतं. मग त्यांनी हाक मारली. मग पुन्हा मारली.

पोत्याने गच्च बसलेलं दार गिरधरांनी खांद्याने फोडलं. गोधडीचा तुकडा हेमकांतने उपसून काढला. डॉक्टरांनी बापलेकांना बाजूला घेऊन सांगितलं की बंद खोलीत गॅस जळत राहिला की हवेचं विष होतं, माणूस बसल्या जागी झोपल्यासारखं जातं. परत येताना घराच्या फाटकापाशी आल्यावर गिरधर म्हणाले, "तुन्ही मायले सांगानं नही. रक्तनी गाठ व्हती म्हन." आणि हेमकांत, जो कोणालाही काहीही समजावून सांगतो तो हेमकांत, मान हलवून गप्प बसला. द्वारदर्शनाला, म्हणजे दुखवट्याला, आलेल्या प्रत्येकाला तेच सांगितलं गेलं. रक्ताची गाठ. कोणी खरं मानलं, कोणी मानल्यासारखं केलं.

आता हेमकांतची बायको स्वप्नाली, तिचे दिवस भरत आले होते. तिच्या माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच. तिला न्हाऊ घालायला कौसाबाई, आणि झरोका बुजवायलाही कौसाबाईच. गॅसच गेला तर झरोका बुजवला काय नि उघडा ठेवला काय! सुनेच्या जिवाची भीती जाईल, आणि बायकोपासून लपवलेलं जन्मभर लपून राहील. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं गिरधर स्वतःला रोज बजावत होते.

अडचण एकच होती. त्यांच्या वारलेल्या धाकट्या भावाचा मुलगा नवनीत तळमजल्यावर गिझरचं दुकान चालवत होता. इमारतीतला प्रत्येक गिझर त्यानेच बसवलेला. इमारतही दोन्ही भावांच्या नावावर, म्हणजे त्याच्या होकाराशिवाय गॅस निघणार नव्हता, आणि तो होकार देत नव्हता.

*

खाली नवनीतची आई जसोदाबाई मोरीत पाय पसरून बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांवर ममताची पोर पालथी पडली होती. या पोरीला रोज त्याच न्हाऊ घालत असत. पोरीचं अजून बारसं झालं नव्हतं. ज्या घरात संक्रांतीला तीळ भाजले गेले नाहीत तिथे पाळणा कोण सजवणार? सगळे तिला नुसतं 'पोर' म्हणत.

स्वप्नाली जिना उतरून आली, एका हाताने कंबर धरून. गेले दोन महिने ती गिझरखाली उभी राहिली नव्हती. पातेल्यात पाणी तापवून अंग धूत होती.

"चढं का ते वर?" जसोदाबाईंनी विचारलं.

"चढलं, काकू. आप्पा सगळ्यांना बोलावतायत. नवनीतभाऊंना समजवायचं म्हणे."

"समजाडाले!" जसोदाबाईंनी पाण्याचा तांब्या खाली आपटला. पोर दचकली, तशी त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "मन्हा पोऱ्यानी काय चोरी करी? परवा एक माणूस नवाकोरा गिझर परत लई उना. म्हने, तुमना घरमाच माणूस मरस, आमले नको. आते घरना लोकेसनीच गिझर उपटी फेका तं गावले आखो काय पाहिजे? चोर ऱ्हायना बाजूले, संन्यासीले फाशी."

"मला माहितीये, काकू."

"तुले काय माहीत शे? गिझर बसाडना त्या दिवशी त्यानी बाईले, तुन्ही सासूले, सांगं व्हतं. मोठी माय, हाऊ झरोका कव्हय बी बंद करू नको. मी मन्हा कानघाई ऐकेल शे. आनि आते त्यानंच तोंड दाबी ऱ्हायनात, आप्पा बी आनि तुन्हा नवरा बी."

स्वप्नालीने टॉवेल पुढे केला. ती नाशिककडची, या घरातल्या भांडणांत ती सहसा पडत नसे. पण आज ती दाराच्या चौकटीला टेकून म्हणाली, "मग आईंना खरं सांगा. मी तुमच्या बाजूने उभी राहते."

जसोदाबाई बघतच राहिल्या. सख्खी सून सासऱ्याच्या विरोधात जाईल आणि तेही त्यांच्यासाठी, हे त्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

"तुमच्यासाठी नाही," स्वप्नाली स्पष्टच बोलली. "यंत्राने माझं न्हाणीघर वाचेल. बाकीच्या घरांचं काय? आईंना लोक बोलावतात. सगळ्यांकडे गॅसच आहे."

"ती आते कोठेच जात नही. या पोरले बी हात लावत नही, देखस ना तू? मांडीवर बी घेत नही."

हे खरं होतं. जसोदाबाईंनी पोरीला टॉवेलात गुंडाळलं आणि त्यांचा राग हळूहळू बसत गेला. त्यांना जुनं आठवलं. नवनीत दूधपिता होता तेव्हा त्या स्वतः टायफॉइडने अंथरुणाला खिळल्या होत्या. ममता आणि नवनीत एकाच वर्षाचे. कौसाबाईंनी एकीकडे लेकीला आणि एकीकडे पुतण्याला छातीशी धरलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. त्या बाईला जाऊन सांगायचं की तुझी लेक तुझ्याच हातांनी गेली? आणि नाही सांगायचं तर आपल्या लेकाला गावाने खुनी म्हणायचं? जसोदाबाईंना दोन्ही सहन होत नव्हतं.

"चाल," त्या उठल्या. "जे व्हई ते व्हई. मी आज बोलसू."

*

नवनीत सगळ्यांत शेवटी वर आला. पहिल्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात आप्पा खुर्चीवर, हेमकांत खिडकीशी. आई पोरीला घेऊन सतरंजीवर आणि तिच्याशेजारी स्वप्नालीवहिनी. मोठी माय दिसली नाही.

"ती वर गयी, मिरच्या उचलाले," गिरधर म्हणाले. "ती येवाना पहिले आटपी लेवा. नवनीत, बठ."

नवनीत बसला नाही. या खोलीतून आतलं न्हाणीघर दिसत होतं, नवं दार बसवलेलं. जुना गिझर त्यानेच काढून नेऊन तिथे दुसरा लावला होता. दुकानातल्या टेबलावर त्याने तो पार उघडला, प्रत्येक भाग पुसला, पुन्हा जोडला, पेटवून पाहिला. ज्योत निळी. कुठे काजळी नाही, कुठे गळती नाही. काहीतरी खराब निघावं असं त्याला वाटत होतं, कारण मग निदान कोणावर रागावायचं ते कळलं असतं. काहीच निघालं नाही.

"देख भाऊ," हेमकांत समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुन्हा दुकानले काही व्हनार नही. तू बी हीट पंप ठेव. आते जमाना बदली ऱ्हायना. लोकेसले सांग, नवी गोष्ट उनी म्हनीसन आम्ही बदलं."

"आनि लोके मानतीन?"

"मानतीन का नही..."

"हेमू, तू शाळामा आसंच शिकाडस का?" नवनीतचा आवाज चढला. "जठे मरण व्हयनं त्याच घरमाईन मन्हा सर्वा गिझर निंघतीन, आनि लोके म्हनतीन नवी गोष्ट उनी? पोरे माले देखीसन रस्ता बदलतस. कालदिन एक बाई दुकानना दारमा थुंकी गयी. मी हाई सर्वं सोसी लेसू. पन एक डाव, एकच डाव, मोठी मायसमोर सांगा. गिझर चांगला व्हता. नवनीतनी झरोका उघडा ठेवाले सांगं व्हतं."

"ती मरी जाई," गिरधर म्हणाले.

"आनि मी?"

गिरधर पुतण्याकडे बघत राहिले. भाऊ गेल्यावर त्यांनीच त्याला शाळेत घातलं, दुकान काढून दिलं, मुलगी बघायलाही तेच हिंडले होते. पुतण्या आणि मुलगा यांत त्यांनी कधी भेद केला नाही अशी त्यांची समजूत होती. आज तो भेद त्यांना करावा लागत होता आणि त्यांना स्वतःची लाज वाटत होती. तरी ते म्हणाले, "मी तुन्हापुढे हात जोडस, बेटा. तिनी एक आंडेर गयी, ममता गयी. आते तिले जगू दे."

"ते हात खाले करा!" जसोदाबाई एकदम बोलल्या. "आप्पा, तुम्ही मोठा शेत, पन आज मी बोलसू. तुमनी बायको जगाले पाहिजे, आनि मन्हा पोऱ्या? तो रोज मरी ऱ्हायना. बाईले सांगनं पडी."

"सांगायलाच हवं, आप्पा," स्वप्नाली म्हणाली.

हेमकांत गर्रकन वळला. "तू मध्ये बोलू नकोस."

"का नको? त्या न्हाणीघरात मी बसणार आहे. मी, तू नाही."

"म्हणूनच तर मशीन आणलं ना? तुझ्यासाठीच!"

"माझ्यासाठी नाही आणलंस. तुला तोंड उघडायला लागू नये म्हणून आणलंस."

नवराबायको असं चारचौघांत कधी बोलले नव्हते. नवनीतला वाटलं, हे घर आता खालपासून वरपर्यंत चिरत जाणार, आणि गंमत म्हणजे सगळे एकाच माणसावरच्या मायेपोटी भांडतायत. त्याने आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडे बघत होती, बोल म्हणून खुणावत होती. बोलायचं ठरवूनच तो वर आला होता.

तेवढ्यात दारात कौसाबाई उभ्या दिसल्या. ओच्यात मिरच्या होत्या.

*

कौसाबाई ममता गेल्यापासून रडल्या नव्हत्या. बायका गळ्यात पडून रडून गेल्या, या कोरड्याच. लोक म्हणाले धक्का बसला. धक्का नव्हता तो. त्या दिवसभर मनातल्या मनात एकच काम करत होत्या: ते दार परत परत उघडत होत्या. डोकं गरगरलं तेव्हा दार उघडंच ठेवलं असतं तर? तिला हाताला धरून बाहेर आणलं असतं तर? आपलं डोकं का गरगरलं? मिरच्या निवडताना, भाकरी थापताना, देवाला फूल वाहताना तोच प्रश्न. विचारायला कोणी नव्हतं, कारण घरात शिरलं की सगळे बोलायचं थांबत.

"वर तो सुरतना माणूस शे," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "मी त्याले पुसं, भाऊ, हाई कसं काय चालस? तो म्हने, आज्जी, आते बाथरूम कितलंबी बंद करीसन आंघोय करा, काही व्हत नही. गॅसमा व्हस, म्हने."

त्या मुलाकडे वळल्या.

"हेमू, तू विज्ञान शिकाडस ना? सांग माले. काय व्हस गॅसमा?"

"माय... डॉक्टर म्हनेत ना, रक्तनी गाठ..."

"मी गाठनं पुसं नही. मी गॅसनं पुसं."

कौसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. गिरधर जमिनीकडे बघत होते. मग त्या आत आल्या आणि भिंतीला पाठ टेकून उभ्या राहिल्या, ओचा तसाच धरून.

"मी बी तठे व्हती," त्या म्हणाल्या. "मन्हं बी डोकं फिरनं. मी बाहेर उनी म्हनीसन वाचनी. ती मजारमा ऱ्हायनी. मी दार लाई दिधं. आनि तो झरोका... तो झरोका मीच..."

"गिझर खराब व्हता, मोठी माय."

नवनीत बोलला होता. बोलायचं ठरवून आला होता ते हे नव्हे. पण तिच्या तोंडून ते वाक्य पुरं होऊ द्यायचं नाही, एवढंच त्याला त्या क्षणी सुचलं.

"खराब?" कौसाबाईंनी मान वळवली.

"मजारमा काजळी जमेल व्हती. दिवाळीले साफ कराले पाहिजे व्हता. मी ऱ्हाऊ दिधं. कामनी गडबडमा मी तपासाच नही."

"नवनीत!" जसोदाबाई ओरडल्या. "काय बोली ऱ्हायना तू?"

"माय, तू चूप बठ." तो कौसाबाईंच्या समोर येऊन गुडघ्यांवर बसला. "तुन्हा हातघाई काहीच व्हयनं नही. झरोका उघडा ऱ्हाता तरी तेच व्हतं. चूक मन्ही शे. म्हनीसन या सर्वा चूप शेत. माले वाचाडाले."

कौसाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या हातातून ओचा सुटला, मिरच्या फरशीवर पसरल्या. "म्हंजे मी नही?" त्यांनी विचारलं. "झरोकानं काही नही?"

"नही."

तेव्हा त्या खाली बसल्या आणि रडल्या. हेल काढून, कपाळ बडवत, लेकीचं नाव घेत, शेजारच्या घरांपर्यंत जाईल असं रडल्या. त्या रडण्यात सुटका होती आणि ती सगळ्यांना ऐकू येत होती. गिरधरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बायको रडली, आता जगेल, असं त्यांना वाटलं. आणि पुतण्याचा बळी पडताना आपण तोंडातून ब्र काढला नाही, हेही त्यांना त्याच क्षणी कळत होतं.

रडणं ओसरल्यावर कौसाबाईंनी पदराने तोंड पुसलं. नवनीत अजून समोरच होता.

"मन्ही ममताना वाटानं दूध पाजं तुले," त्या म्हणाल्या. "तिले अर्धपोटी ठेवं, पन तुले पाजं. आनि तुले एक गिझर पुसाले टाईम नव्हता."

"मोठी माय..."

"माले माय म्हनू नको. ऊठ. मन्हा घरमाईन निंघ. मन्हं तोंड देखू नको, मी मरसू तव्हय बी येऊ नको."

नवनीत उठला. जाताना त्याने कोणाकडेच पाहिलं नाही. जसोदाबाई उठू लागल्या, पण पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती.

"दार लाई द्या," कौसाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

गिरधर उठले. पुतण्याची पावलं जिन्यावर वाजत होती. त्यांनी दार लावलं आणि कडी घातली.

"आन ती पोर इकडे," कौसाबाईंनी जसोदाबाईंपुढे हात पसरले. जसोदाबाई दगडासारख्या बसून राहिल्या. शेवटी स्वप्नालीने वाकून पोरीला उचललं आणि सासूच्या हातांत दिलं. कौसाबाईंनी तिला छातीशी धरलं, तिच्या टाळूवर नाक टेकवलं. "माले वाटे मन्हाच हात वाईट शे. म्हनीसन इले लावू नही. मन्ही माय, मन्ही बाई व, माले माफ कर."

थोडा वेळ त्या नुसत्या झुलत राहिल्या. मग, बऱ्याच दिवसांनी कामाचं आठवल्यासारखं त्या म्हणाल्या, "रेवजीनी व्हऊ बाळंत व्हईसन दवाखानामाईन घर येल शे. तिनी सासू रोज निरोप धाडस. मी म्हने, मन्हा हात नको. आते जासू. सकायलेच जासू."

रेवजींचं घर गल्लीच्या टोकाला. तिथला गिझर दसऱ्याला नवनीतनेच बसवला होता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कौसाबाईंनाही आठवलं.

"त्यासना गिझर तं नवा शे ना, जसोदा? त्यामा काजळी नही ना?"

जसोदाबाईंनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं आणि रडूही नव्हतं. "नही," त्या म्हणाल्या. "नवा शे. एकदम चांगला शे."

"मंग काय भेव!"

स्वप्नालीने हेमकांतकडे पाहिलं. त्याने डोळे बंद केले होते. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते अजून दाराकडे तोंड करून उभे होते, कडीवर हात तसाच. सासूच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी रक्त आलं होतं. हे दोन शब्दांत पुसून टाकायचं पाप आपल्यावरच का यावं, असं स्वप्नालीला वाटलं. आणि रेवजींची सून तिच्याच वयाची होती.

"आई," ती म्हणाली, "तिथला झरोका बुजवू नका."

"काब?" कौसाबाईंनी सहज विचारलं. "नवनीत तं म्हने, झरोकाना काही..."

"बुजवू नका, आई. मी पाया पडते तुमच्या. दारही उघडं ठेवा."

कौसाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खोलीतल्या प्रत्येकाकडे पाहिलं, एकेकाकडे, सावकाश. गिरधर वळले नाहीत. हेमकांत भिंतीला टेकला होता आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता. जसोदाबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून त्या थांबल्या.

"तो पोऱ्या मन्हाकरता खोटं बोलना," कौसाबाई म्हणाल्या. हा प्रश्न नव्हता.

त्या पोरीकडे बघत होत्या. मग त्यांनी हात लांब केले, अंगापासून शक्य तितके दूर, आणि झोपलेल्या पोरीला जसोदाबाईंपुढे धरलं.

"घे," त्या म्हणाल्या. "लवकर घे."

जसोदाबाईंनी पोरीला घेतलं. पोर जागी झाली आणि रडायला लागली. तिची दुधाची वेळ झाली होती.